सावलीच्या डोक्यावर पदर होता

गोदूकाकूंनी कॅमेरा छातीशी धरला की समोरचा माणूस हुसकला जायचाच. चिखलदऱ्याला मी दरीच्या कडेवर ऐटीत उभा राहिलो, तर ओरडल्या, "बाजूले व्हय रे! मले पहाड पाह्यचा आहे. तुहं थोबाड घरी दिसते."

अमरावतीत त्या आमच्या शेजारी, दिराकडे राहत. नवरा डॉक्टर. तो विलायतेला शिकायला गेला तेव्हा काकूही गेल्या आणि दोघं नॉर्वे पाहून आली. परतल्यावर लवकरच डॉक्टर वारले. घरच्यांनी काकूंचे केस काढले, आलवण नेसवलं. घडी केली की बटव्यात मावणारा तो कॅमेरा मात्र त्यांनी सोडला नाही. मी विधवांच्या छळावर पत्रकं छापायचो; ती वाचून मलाच झापत, "मले अबला कावून लिहून राहिला रे? बर्फाच्या पहाडावर चढली मी, लुगडं खोचून!"

त्यांचे नॉर्वेचे फोटो मी अकोल्याच्या महिला मंडळात मांडायचे ठरवले. काकूंची एकच अट: खाली नाव त्यांचं हवं.

दीर अण्णासाहेब, वकील. म्हणाले, "फोटो दादांनी काढलेले आहेत. आमच्या घरच्या विधवेचं नाव चारचौघांत लागणार नाही."

माझं डोकं भडकलं. काकूंनी एक फोटो पुढे सरकवला. ऊन पाठीशी घेऊन काढलेला. तिकडचा सूर्य कलूनही मावळत नाही, म्हणून गवतावर फोटो काढणाऱ्याची लांबलचक सावली पडली होती. डॉक्टरांनी तो वाया गेला म्हणून टाकायला सांगितला होता.

"पाहा भाऊजी, सावलीच्या डोक्यावर पदर आहे. तुमचे दादा हॅट घालत."

अण्णासाहेब उठून गेले.

प्रदर्शनाआधीच काकूंना विषमज्वरानं गाठलं. तापात एकच घोकत होत्या, "नाव लावजो रे." "लावतो," मी म्हणालो. तेवढं ऐकून त्या गेल्या.

अकोल्यात आता शोकसभा होती. काकूंचा स्वतःचा फोटो मागायला अण्णासाहेबांकडे गेलो. नव्हताच. केस काढलेल्या बाईला कॅमेऱ्यासमोर कोण उभं करतो? विलायतेतला जोडीचा होता, तो भिंतीवर लावताना डॉक्टरांपुरता कापला होता. त्यांच्या खांद्यावर काकूंची चार बोटं तेवढी राहिली होती.

मी सावलीचाच फोटो मधोमध लावला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: गोदावरीबाई. मंडळाच्या बाईंनी हार घातला. हारानं नेमकी सावली झाकली.

"हार काढा," मी भर सभेत ओरडलो. "बाजूला घ्या तो. काकू दिसत नाहीत."