मोतिया की सायीचा

अर्धांगाचा झटका आल्यापासून हे एक शब्दही बोलले नव्हते. मोखाड्याच्या शाळेत मुलांवर ओरडण्यात ज्यांचा जन्म गेला, ते जव्हारच्या घरी खाटेवर नुसते पडून. डावा हात तेवढा हलायचा. नणंद सरळ म्हणाली, वहिनी, आता आत कोणी नाही असंच समजायचं. मी तिला चहासुद्धा विचारला नाही. पण ते वाक्य माझं डोकं खात राहिलं. हा माणूस आत आहे की गेला, एवढंच मला कळायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, दोन गोष्टी समोर ठेवून निवडायला सांगा. ओलीने खोलीचे पोपडे निघालेच होते. रंगाला बोलावलेला पेंटर ह्यांचाच जुना विद्यार्थी. मी त्याच्याकडून दोन पांढरे आणवले, एक मोतिया, एक सायीचा, आणि खाटेसमोरच्या भिंतीवर शेजारी शेजारी पट्टे मारायला सांगितले. एक पट्टा मारला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोलता बोलताच त्याने दुसरा मारला आणि ब्रश आणायला बाजारात गेला.

मला तर फरक लख्ख दिसत होता. डावा जरा पिवळट, उजवा थंड. विचारलं, अहो, कुठला लावू? ह्यांनी हात उचलला. हात डावीकडच्या पट्ट्याकडे गेला, तिथून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. परत विचारलं, परत तेच. मी चिडले, रडले, गळ्याची शपथ घातली. शेवटी त्यांचं बोट धरून डाव्या पट्ट्याकडे नेलं.

"हाच ना? एवढं तरी सांगा हो."

त्यांनी हात हिसकून घेतला आणि तोंड पलीकडच्या भिंतीकडे फिरवलं. संपलं, मी मनात म्हटलं. आता देवासमोर तरी काय मागायचं?

पेंटर परत आला तेव्हा मी उशाशीच उभी होते. "कुठलाही फास बाबा," मी म्हटलं. "ह्यांना काही कळत नाही."

तो डब्यांपाशी वाकला आणि तसाच राहिला. एका डब्याचं झाकण अजून उघडलेलंच नव्हतं.

"काकी, चुकलं माझं," तो ओशाळून म्हणाला. "फोनच्या नादात दोन्ही पट्टे एकाच डब्यातले मारले. दोन्ही सारखेच आहेत."

मी खाटेला वळसा घालून पलीकडे गेले. ह्यांचे डोळे घळाघळा वाहत होते. मी काय बोलले ते त्यांनी ऐकलं होतं.