मामाला समजलं तर सगळ्यांना समजलं

सुतार कानावर पेन्सिल ठेवतो, तसा बाई कानावर खडू ठेवायच्या. गणित सोडवून झालं की खडू कानावर, हात कमरेवर, आणि वर्गाला प्रश्न, "कोणाला नाही समजलं?"

आता तुमी पण शाळेत गेलेले असाल, निदान माझ्यापेक्षा तरी जास्त. मास्तर लोक विचारतात, समजलं का? पोरं म्हणतात, होऽऽ. सुटला तास. बाईंचं सगळं उलटं. एखाद्या पोरीनं भीत भीत हात वर केला की बाईंना दिवाळी. "वा! चला, परत पहिल्यापासून."

मी त्या शाळेचा शिपाई. कर्जतहून कळंबला जाताना रस्त्यालाच आमची शाळा हाय. माझं शिक्षण म्हणाल तर चौथी, त्यातली तिसरी दोनदा. आमच्या बानं शाळेला दोन गुंठं जागा दिली म्हणून संस्थेनं मला चिकटवून घेतला, नायतर एवढी हुशारी वाया गेली असती. शाळेत मला सगळे मामा म्हणतात.

बाई कर्जतच्या, गावातल्या. नुकतं शिक्षण संपलेलं, पहिलीच नोकरी, ती पण तासिकेवर. म्हणजे वर्षभर शिकवा, पुढच्या जूनला ठेवायचं का घालवायचं ते चेअरमन ठरवणार. बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला सांगून ठेवलेलं, "मामा, ही नववी दहावीला मीच नेणार." एवढीच त्यांची हौस. माणसानं हौस करावी तर कशाची!

हेडसर पण गणितवाले. वीस वर्षं शिकवतात. आजवर एका पोरानं त्यांना शंका विचारली नाय, एवढं चांगलं शिकवतात. बाई नव्या म्हणून त्यांनी मोलाचा सल्ला दिला, "सूत्र पाठ करून घ्यायचं. का, कशाला, हे गणितात विचारायचं नसतं." बाई "हो सर" म्हणाल्या आणि वर्गात जाऊन का, कशाला एवढंच विचारीत बसल्या.

मग एक दिवस बाईंनी मला गाठलं. "मामा, तुम्हाला गणित येतं?"

"बाई, घंटेचे ठोके मोजतो तेवढंच. त्यात पण कधी कधी एक जास्त पडतो."

"उत्तम! तुमच्यासारखाच माणूस पाहिजे होता."

जन्मात पहिल्यांदा कोणाला माझ्यासारखा माणूस पायजे होता. मी लगेच हो म्हणालो, काम काय ते नंतर विचारलं. काम असं, की नववीतल्या ज्या पोराचं गणित झालं, त्यानं वही घेऊन बाहेर माझ्या स्टुलापाशी यायचं आणि मला समजावून सांगायचं. मला समजलं तर मी वहीवर लाल पेनानं बरोबरची खूण करायची. नाय समजलं तर पोरगं परत वर्गात. "दुसऱ्याला समजावता आलं तरच आपल्याला आलं," बाई म्हणायच्या. "मामाला समजलं तर सगळ्यांना समजलं."

पहिला महिना मी इमानदारीत काम केलं. कोणालाच खूण दिली नाय. पोरं घामाघूम. एक पोरगी होती, वर्गात पहिली येणारी, बोलायला मिरची. तिनं एकच गणित मला चार वेळा सांगितलं. शेवटी खडे मांडून, बालवाडीतल्यासारखं, बोट धरून. तरी मी आपला बघतोय.

"मामा, तुमचं डोकं म्हंजे बोअरिंग हाय," ती म्हणाली. "तीनशे फूट गेलो, नुसता धुरळा."

अख्खी नववी खिडकीतून हसली. मला पण हसायला लागलं, पण घरी भाकरी गोड लागेना. दुसऱ्या दिवशी ती आली, काहीतरी बोलली, आणि मी म्हणालो, "हां, समजलं." केली खूण.

अहो, काय सांगू, एका खुणेत माझी इज्जत वाढली! पोरं म्हणायला लागली, मामा हुशार झाला. मग मी मागं बघितलं नाय. कीर्तनाला बसल्यासारखी मान हलवायची, मधी एकदा "बराबर हाय" म्हणायचं, खूण करायची. पोरांनी तोंड उघडायच्या आधी खुणा, अशी वेळ आली. एकाला तर मी म्हणालो, "हे जरा वेगळ्या पद्धतीनं करून बघ रं." कोणत्या, ते देवाला ठाऊक.

बाई वह्या बघायच्या, लाल खुणांनी भरलेल्या, आणि खूश होऊन पुढचा धडा घ्यायच्या.

सहामाहीचा पेपर आला. तीन अधिक दोन, कंसाचा वर्ग. जवळजवळ सगळ्या नववीनं लिहिलं, तीनाचा वर्ग नऊ, दोनाचा चार, उत्तर तेरा. निम्मा वर्ग नापास.

चेअरमन आले. त्यांचं नेरळच्या बाजूला रिसॉर्ट हाय, त्यामुळं शिक्षणातलं त्यांना सगळं कळतं. हेडसरांच्या खोलीत बाई उभ्या, मी चहाचा ट्रे घेऊन दारात. बाई खाली मान घालून म्हणत होत्या, "सर, माझंच कुठंतरी चुकलं." मला राहवलं नाय.

"साहेब, बाईंचं नाय चुकलं. मला समजलंच नव्हतं, तरी मी खुणा केल्या."

चेअरमननी कप खाली ठेवला. "तुला? तू कशावर खुणा केल्या रं?"

मग मी सगळं खरं सांगितलं. स्टुलापासनं लाल पेनापर्यंत. मला वाटलं, बाई वाचल्या.

"म्हंजे," चेअरमन हेडसरांकडं वळले, "आपल्या शाळेत नववीचं गणित शिपाई तपासतो?"

तोपर्यंत त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी सांगेपर्यंत. हेडसर म्हणाले, "मी म्हणालोच होतो." काय म्हणाले होते ते नाय सांगितलं. चेअरमन उठले. "हे वर्ष राहू दे. जूनला बघू." आमच्याकडं 'जूनला बघू' याचा अर्थ तिसरी दोनदा केलेल्यालाही कळतो.

व्हरांड्यात बाई थांबल्या. मी म्हणालो, बाई, जोड्यानं मारा. त्या म्हणाल्या, "मामा, कुठपर्यंत समजलं होतं?"

"फळा पुसण्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांडा पुसायला घेतला, तर बाईंनी पाच लाद्या लांब, पाच लाद्या रुंद असा खडूनं चौकोन आखलेला. एका कोपऱ्यात तीन बाय तीन, तिरक्या समोरच्या कोपऱ्यात दोन बाय दोन. "मामा, हे दोनच तुकडे पुसा."

मी पुसले. उठून बघतो तर काय. "बाई, हे दोन पट्टे कोरडेच राहिले की! असं पुसलं तर हेडसर माझी पूजा करतील."

बाई पळत वर्गात गेल्या, नववीला बाहेर काढलं. "मामा काय म्हणाले ते ऐका. परत म्हणा, मामा." मी परत म्हणालो. ती मिरची पोरगी वाकून लाद्या मोजायला लागली. नऊ, चार, आणि कोरड्या सहा आणि सहा. "पंचवीस गं बाय!" ती ओरडली. त्या दिवशी मी पहिली खरी खूण केली, फडक्यानं.

पुढं मार्चपर्यंत मी एकाला सोडला नाय. नाय समजलं म्हंजे नाय. वार्षिकला नववी झकास पास झाली. हेडसरांनी निकालाच्या दिवशी भाषणात सांगितलं, हे सगळं त्यांच्या मार्गदर्शनाचं फळ. जूनपासून दहावीच्या गणिताला चेअरमनचा जावई येणार होता. योगायोगानं जावयाचा विषय पण गणितच निघाला.

निकाल वाटून झाल्यावर बाईंची पिशवी घेऊन मी रस्त्यावर गेलो. कर्जतची टमटम येताना दिसली.

"बाई, मी तोंड उघडलं नसतं तर तुमी राहिला असता."

"तसं नाही मामा. बघा, जागा एक. माणसं दोन. त्यातला एक जावई. आता सांगा, बाहेर कोण? समजलं?"

समजायला त्यात काय होतं! पण टमटम थांबली होती. मी म्हणालो, "नाय समजलं."

बाईंनी टमटमवाल्याला हात केला, जा म्हणून. पिशवी खाली ठेवली आणि परत पहिल्यापासून सांगितलं. दुसरी टमटम आली. मी म्हणालो, "नाय." ती पण सोडली. तिसरी आली तेव्हा बाईंनी पिशवी उचलली.

"मामा, आता खोटं बोलताय."

पुढं जागा नव्हती. बाई मागच्या बाकावर बसल्या, तोंड माझ्याकडं आणि गाडी कर्जतकडं. त्या माझ्याकडंच बघत होत्या. वळण येईपर्यंत मी आपली मान हलवत होतो, नाय, नाय.