अन्नावर फिनाईल ओतणाऱ्या मॅडम

भाताने भरलेल्या परातीला आधी वाकून नमस्कार करायच्या आणि मग तिच्यावर फिनाईल ओतायच्या, अशा आमच्या मॅडम. अन्न तपासणी खात्यात मी त्यांच्या हाताखाली होते. हॉटेलवाले त्यांना 'फिनाईलबाई' म्हणत. त्या वाशीत शिरल्या की कळंबोलीपर्यंत फोन खणखणत.

मला तो सगळा आचरटपणा वाटे. नुसतं फेकायला सांगितलं तर काय बिघडतं? त्यावर म्हणायच्या, "आपल्या माणसाचा हात पैसे खाताना नाही कापत गं, अन्न फेकताना कापतो. तो कुणाला तरी वाढणारच."

खांदेश्वरच्या एका हॉटेलात बारशाला जेवलेली माणसं उलट्यांनी आडवी झाली. जो तो चिकनला दोष देत होता. मॅडम मात्र धडधाकट राहिलेल्यांना शोधत फिरल्या. त्या लोकांनीही चिकन खाल्लं होतं, फक्त फ्राइड राइस घेतला नव्हता.

आम्ही स्वयंपाकघरात गेलो, तर आदल्या दिवशी शिजवलेला भात पंख्याखाली पसरलेला, दाणा मोकळा राहावा म्हणून. हॉटेलचे शेठ म्हणाले, "मॅडम, कडकडीत गरम करूनच देतो आमी. जंतू र्‍हातीलच कसे?"

"जंतू मरतात. त्यांनी भातात सोडलेलं विष मरत नाही."

फिनाईल ओतून झालं. निघताना मॅडमची नजर शेजारच्या रिकाम्या परातीवर गेली. "यातला भात कुठाय?"

शेठ हसले. "तुमी येनार कललं, तवा वॉचमनच्या घरी पाठवला. पोरी पोटभर जेवतील. अन्न नासवायचं पाप कशाला?"

मॅडम धावल्या. हॉटेलमागेच वॉचमनची खोली होती. त्याची बायको जेवणाची ताटं घासत होती, दोन्ही मुली दारात खेळत होत्या. तिला काही कळायच्या आत मॅडमनी तिघींना गाडीत घातलं. वाटेतच धाकटीला उलट्या सुरू झाल्या. थोरली वाचली. धाकटीचं यकृत निकामी झालं, ती गेली.

मला अजून राग येतो, आणि कुणावर काढायचा ते कळत नाही. शेठ अंत्यविधीला आले, ढसाढसा रडले. मुलीच्या आईने मॅडमकडे बोट दाखवलं. "शेठनी जेवायला घातलं. ह्या बाईनं उचलून नेली तेव्हा माझी पोर हसत होती!"

मी खरं काय ते सांगायला पुढे झाले. मॅडमनी माझा दंड घट्ट धरला.

"गप्प बस," त्या हळूच म्हणाल्या. "तिनं स्वतःच्या हातानं भरवलंय."