खिडकीवरचं मोहोळ

खांडबाऱ्याच्या आमच्या शाळेतल्या ग्रंथपाल बाई हळू बोलतात आणि रागावल्या की शेवटचा शब्द दोनदा म्हणतात. यंदा मधमाशीपालनावरची निबंध स्पर्धा त्यांनीच ठेवली. मुलं लिहायला लागली आणि मधमाश्यांचा थवा खिडकीच्या गजांवर येऊन बसला. शिपाई पेटता बोळा घेऊन धावला. बाई आडव्या आल्या.

“पोरे त्यासनावरच लिखी ऱ्हायनात, आनि तू त्यासले जाळस? जाळस?”

मुलांना त्यांनी शेजारच्या वर्गात बसवलं आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने थवा आपणहून उठून गेला.

शेवटचा निबंध मी त्यांच्या हातात दिल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. माशी डसून त्यांचा गाल टम्म सुजला होता. मुलं लिहीत होती तोवर त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं.

“सर, चुना शे का तुमनाजोडे?”