रुमालाखालचा सौदा

माझे बाबा, चंद्रभान, अकोल्याच्या धान्यबाजारात हर्रास बोलायचे. हर्रास म्हणजे उघडा लिलाव. तुरीच्या ढिगाशेजारी उभं राहून ते भाव पुकारत, तेव्हा टपरीवर चहा पीत बसलेल्या शेतकऱ्यालाही आपल्या मालाचं काय चाललंय ते तिथूनच कळायचं. घरात आईनं हळू बोला म्हटलं की म्हणत, "हळू बोलणं चोराचं काम."

या ओरडण्यामागे राग होता. आजोबांच्या काळात भाव रुमालाखाली ठरायचा. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबणार, आणि ज्याचा माल तो बाजूला हात बांधून उभा. सौदा पक्का झाला की त्याला आकडा तेवढा सांगायचे. बाबांनी लहानपणी आजोबांना तसं उभं राहिलेलं पाहिलं होतं. स्वतःच्या खांद्यावर मात्र त्यांनी रुमाल जन्मभर ठेवला, तो घाम पुसायला.

गेल्या वर्षी त्यांचा आवाज घोगरा झाला, तेव्हा त्यांना अमरावतीला माझ्याकडे आणलं. मी पौर्णिमा, त्यांची धाकटी. दवाखान्याचं सगळं दादानं, म्हणजे गोपालनं, आपल्याकडे घेतलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसा." ज्याचा घसा तो बाहेर बाकड्यावर, आणि आत हे दोघं.

आत काय ठरलं ते मला फार उशिरा कळलं. कॅन्सर घशातून पुढे पसरला होता, हातात काही महिनेच होते. श्वास अडकायला लागला की गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागणार होती, आणि मग बोलणं बंद होणार होतं. डॉक्टरांनी हे दादाला नीट समजावून सांगितलं. बाबांना सांगितलं, "सूज आहे, औषधानं उतरेल."

पुढच्या वेळी मी सोबत होते. बाबांनी सरळ विचारलं, "साहेब, मले रिद्धपूरले जायचं हाये, बहिणीकडे. पहिले तिकडे जाऊ का पहिले इलाज करू?"

"आधी बरे व्हा. मग रिद्धपूर काय, काशीला जा," डॉक्टर हसून म्हणाले.

दादाही हसला. ते हसू अजून माझ्या डोक्यात जातं.

रिद्धपूर माझ्या घरापासून तास-सव्वा तासावर. तिथं महानुभावांच्या मठात माझी आत्या, मैनाबाई, राहते. नवरा गेल्यावर तिनं संन्यास घेतला, तेव्हा बाबा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले होते, की आजपासून मला बहीण नाही. त्यानंतर ते कधी गेले नाहीत. पण तिची दृष्टी गेल्याचं कळलं आणि त्यांना चैन पडेना. मी फोन लावून देते म्हटलं तर म्हणाले, "फोनवर नाई. माह्या तोंडानं बोललो होतो, तिच्यासमोर बसून माह्याच तोंडानं मागं घेईन."

आणि डॉक्टरांवर विश्वास ठेवून हा माणूस बरं व्हायची वाट पाहत बसला. तेव्हा त्यांना चालता येत होतं, बोलता येत होतं. ते सगळे दिवस माझ्या घरच्या सोफ्यावर गेले.

मग एका सकाळी श्वास लागला. "नळी टाकली की मोकळं वाटेल," एवढंच सांगून त्यांना आत नेलं. सही दादाची. शुद्धीवर आल्यावर बाबांनी पाणी मागायला तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं. शेवटी सलाईन बदलता बदलता नर्स म्हणाली, "आता बोलता नाही येणार, आजोबा."

मी दादाला व्हरांड्यात गाठलं.

"सांगतलं असतं तं हाय खाल्ली असती त्याईनं," तो म्हणाला.

"तुले कोणं सांगतलं? इचारलं का तुनं त्याईले?"

तो रडायला लागला. मला दया आली नाही, अजूनही येत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले. पलंगाच्या कडेलाच त्यांनी धीर द्यायला दादाचा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात काहीतरी सांगू लागले. बाबा धडपडत उठून बसले. उशाचा रुमाल ओढला आणि त्या दोघांच्या हातांवर टाकला.

"काय हवंय यांना?" डॉक्टर गोंधळले.

"भाव हवाय," मी म्हटलं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "तुम्ही दोघं रुमालाखाली सौदा करून राहिले. माल त्यांचा आहे. त्यांना सांगा."

मग डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि सांगितलं. महिना, फार तर दोन. आवाज परत येणार नाही. एवढंच तर सांगायचं होतं. बाबांनी सगळं डॉक्टरांच्या डोळ्यांत बघत ऐकलं. हाय-बिय काही खाल्ली नाही. ऐकून झाल्यावर बोटानं दाराकडे दाखवलं.

गाडीत आडवं निजवून आम्ही त्यांना रिद्धपूरला नेलं. आत्या मठाच्या ओसरीवर बसली होती. पावलांची चाहूल लागताच तिनं हात जोडले. "दंडवत प्रणाम. कोन आलं?"

बाबा तिच्यासमोर बसले. तोंड उघडलं. नळीतून नुसती हवा आली.

"कोन हाये? बोलत काहून नाई?" आत्यानं विचारलं.

अकोल्याचा अख्खा बाजार ज्याला आवाजावरून ओळखायचा, त्याचं नाव त्याच्या सख्ख्या बहिणीला मला सांगावं लागलं.