धुऊन आणलेले पाय

पवित्र गुरुवारी संध्याकाळी आमच्या इगर्जीत पाद्री गावातल्या बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. त्या वर्षी माझा नंबर लागला. आठवडाभर मी टाचा दगडाने घासत होतो. भेगाळलेला पाय पाद्रींच्या हातात देणार कसा?

आणि नेमका त्याच दुपारी फेणीसाठी काजूची बोंडं पायांनी तुडवणारा गडी आला नाही. भाऊ म्हणाला, "उद्यापर्यंत सगळी कुजतील, तूच उतर." चरफडत उतरलो आणि तासभर तुडवली. बोंडांच्या रसाचा डाग साबणाने जात नाही. काथ्याने घासून कातडी सोलली, पण पाय काळे ते काळेच.

इगर्जीत मी रांगेत शेवटचा, भावावर मनातल्या मनात दातओठ खात बसलेला. अकरा जणांनंतरही घंगाळातलं पाणी नितळ होतं. पाद्रींनी माझा पाय हातात घेतला, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवला, तिथे अडकलेला चोथा सुटला आणि पाणी गढूळ झालं. शरमेने मान वर होईना.

घरी जाताना मात्र भावावरचा राग माझ्यावरच उलटला. इतकी वर्षं आम्ही पाद्रींना गुडघ्यावर बसवून घरून धुऊन आणलेलेच पाय धुवायला लावत होतो.