उकळत्या वाटाण्यांवरची मोजणी

माझी बायको उकळत्या वाटाण्यांवर उभी राहून एक ते शंभर मोजायची. मोठ्यानं. शंभर झाले की झाऱ्यानं वाटाणे काढायचे, बर्फाच्या पाण्यात टाकायचे, मग पिशव्या भरून डीप फ्रीजरमध्ये. एवढीच तिची विद्या. त्यावर नऊ दुकानं उभी राहिली.

मी फौजेत ड्रायव्हर. सातवी नापास. शेवटची पोस्टिंग जयपूरला, मग पेन्शन लागली आणि साताऱ्याला परत जायचं राहूनच गेलं. थंडीत जवळच्या चौमूं गावाकडून ट्रक भरभरून वाटाणा यायचा, उन्हाळ्यात दाणा दिसायचा नाही. हिनं साठवलेला फौजी क्वार्टरमधल्या बायका मागून न्यायला लागल्या. त्यातनं जयपुरातच मानसरोवर भागात पहिलं दुकान झालं, सगळा गोठवलेला माल. मग मालवीय नगरला दुसरं. पुढं पोरगं शिकलं, त्यानं कंपनी केली, दुकानं वाढवली. निम्मी मालकी मात्र आईच्या नावावर ठेवली. तेवढं चांगलं केलं त्यानं.

चौमूंला वाटाणे उकळायला शेड टाकली तेव्हा हिनं तिथल्या बायकांना मोजायला शिकवलं, तेही मराठीत. हिंदी आकडे हिला पन्नासच्या पुढं धड यायचे नाहीत. मराठीतसुद्धा ही सत्याहत्तर खायची. शहात्तर, अठ्ठ्याहत्तर. मी टोकायचो.

"एक आकडा गिळलास."

"वाटाणा कधी कच्चा लागला का तुम्हाला?"

"तसं नाही, पण..."

"मग गप गिळा."

त्या बायकाही तसंच शिकल्या. घुंघट घेतलेल्या आठ जणी एका सुरात मराठीत मोजायच्या आणि आठीजणी सत्याहत्तर खायच्या. माझी नातवंडं वीसच्या पुढं मराठीत मोजत नाहीत.

ही गेली आणि तिची निम्मी मालकी माझ्या नावावर आली. वर्षश्राद्ध झालं तसे पोरानं कागद पुढं ठेवले. दिल्लीची एक कंपनी सगळी दुकानं घेणार होती, शेडसकट.

"बाबा, माझ्या एकट्याच्यानं होत नाही. मतलब, आई होती तोवर चाललं."

"शेडचं काय करणार ते?"

"मशीन बसवणार. उकळणं, गार करणं, सगळं आपोआप. बायकांना पॅकिंगला ठेवतील, लिहून दिलंय."

"मी सही करत नाही."

का ते सांगितलं नाही. काय सांगणार? ही गेल्यापासून मी दर आठवड्याला बसनं चौमूंला जात होतो. पोराला वाटायचं, म्हातारा माल बघायला जातो. मी भिंतीला टेकून ती मोजणी ऐकायला जायचो. ह्या घरात तिचं एवढं काहीच उरलं नव्हतं.

कागद आले त्याच आठवड्यात परत गेलो. शेडमधली सगळ्यात जुनी बाई तरी माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं. तिला म्हटलं, "मशीन नहीं आने दूँगा."

तिनं नुसता हात पुढं केला. कोपरापर्यंत वाफेचे डाग.

"आने दो, बाबूजी," ती म्हणाली. "माँजी होतीं तो कब की मँगवा लेतीं."

आधी राग आला. मग लाज वाटली. तसलेच डाग हिच्या हातावर होते. आजारपणात हिला अंघोळ घालताना मी ते बघितले. इतकी वर्षं एका घरात राहिलो आणि बघितले तेव्हा, पहिल्यांदा.

म्हटलं, ठीक आहे, माझ्यासमोर एक घाणा काढा. त्यांनी काढला. शहात्तर, अठ्ठ्याहत्तर. बर्फाच्या पाण्यात वाटाणे पडलेले बघितले, बस पकडली, घरी येऊन सही केली.

आता तिथं मशीन आहे, वेळ झाली की घंटी वाजते. बायका खुर्चीवर बसून पिशव्या भरतात. त्यांचं बरं झालं. मी जात नाही.

घरी वाटीभर वाटाणे उकळतो आणि हिच्यासारखे मोजतो. परवा मोजता मोजता शहात्तरनंतर तोंडातनं सत्याहत्तर बाहेर पडला. गॅस बंद केला आणि तसाच उभा राहिलो. वाटाणे गरम पाण्यातच राहिले. त्यांचा लगदा झाला.